परतीची नळी

जुन्या भंडारा जिल्ह्यांत वाढलेल्या माणसाला तलाव म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन मिळावी, अशी वहिवाट गोंड राजांच्या अमदानींत या भागांत होती, आणि तिचें चीज केलें तें मुख्यतः कोहळी समाजानें. चांद्याच्या राजानें त्यांना काशीकडून आणलें अशी परंपरा सांगतात. तें कसेंही असो. नवेगांवबांध, सिरेगांवबांध आणि गांवोगांवचे लहानमोठे तलाव त्यांच्या कसबाची साक्ष देत उभे आहेत. या तलावांचीं मुख्य अंगें तीन. पाणी अडविणारी मातीची पाळ. शेताकडे पाणी सोडणारें तुडुम. आणि जास्तीचें पाणी वाहून नेणारा सांडवा, ज्याला इकडे सलंग म्हणतात. नवख्याची नजर उंच पाळीवर खिळते. जाणता मनुष्य प्रथम सलंग पाहतो. पावसाचें पाणी शेतकऱ्याच्या गरजेच्या हिशेबानें येत नाहीं; तें कमी तरी येतें, नाहींतर जास्त तरी. जास्त आलेल्या पाण्याला वाट कोणती, आणि त्या वाटेनें गेलेलें पाणी शेवटीं कोठें पोहोंचणार, या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें आधीं शोधलीं त्याचा तलाव टिकला.

श्रोतेहो, आज मला विमानांविषयीं बोलावयाचें आहे. तेव्हां आरंभींच तलाव ऐकून आपण शेतकीचा कार्यक्रम तर लावला नाहीं ना, अशी शंका मनांत आणूं नये. सलंगाची गरज आपल्याला थोड्या वेळानें लागणार आहे.

विमान हा विषयही या मुलखाला परका नाहीं. गोंदियाजवळ बिरसी येथें १९४० मध्यें, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, ब्रिटिशांनीं धानाच्या बांध्यांमध्यें धावपट्टी तयार केली. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याबरोबर बिरसी भंडाऱ्याच्या नकाशावरून गेली. परंतु ज्यांचें बालपण त्याआधींचें आहे त्यांना ती अजून आपलीच वाटते. युद्धानंतर ही पट्टी बांधकाम खात्याकडे होती. पुढें ती औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ मध्यें भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. नंतर तेथें वैमानिकांचें शिक्षण सुरू झालें आणि शिकाऊ मुलांचीं डायमंड विमानें धानाच्या शेतांवरून घिरट्या घालूं लागलीं. तीं विमानें कारखान्यांतून तयार होऊन येतात. त्यांतील प्रत्येक नळी कोठून कोठें जावी हें इंजिनिअरांनीं ठरविलेलें असतें आणि तपासनिसांनीं तपासलेलें असतें. मी सांगणार आहें तें मात्र घरच्या गॅरेजमध्यें किंवा गच्चीवर माणसानें आपल्या हातांनीं बांधलेल्या विमानाविषयीं; त्यांतही त्याच्या पेट्रोलच्या नळ्यांविषयीं; आणि त्यांतही पेट्रोल इंजिनाकडे नेणाऱ्या नळीपेक्षां न जळलेलें पेट्रोल टाकींत परत आणणाऱ्या नळीविषयीं.

आरंभीं अशी नळी नव्हतीच. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें जें विमान उडालें, त्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पंखांमधील एका खांबाला बांधलेला लहानसा डबा होता. डबा वर, इंजिन खालीं. पेट्रोल आपल्या वजनानें उतरत असे, आणि इंजिनाच्या उष्णतेनें त्याची वाफ होऊन ती हवेबरोबर आंत ओढली जात असे. सायकलच्या दुकानांतल्या चार्ली टेलर नांवाच्या कारागिरानें तें इंजिन सुमारें सहा आठवड्यांत बनविलें होतें. तेव्हां जगांतलें पहिलें विमानही घरगुती विमानच होतें, आणि त्याची पेट्रोलची व्यवस्था डोक्यावरच्या पाण्याच्या टाकीहून निराळी नव्हती.

ही व्यवस्था दिसावयास अडाणी. परंतु तिच्यांत बिघडण्यासारखें फार थोडें आहे. म्हणून पुढचीं तीस-पस्तीस वर्षें हौशी बांधणाऱ्यांनीं तिलाच धरून ठेवलें. १९३३ मध्यें फ्रान्समध्यें आंरी मिन्ये या गृहस्थानें एक चिमुकलें विमान उडविलें आणि पुढच्याच वर्षीं पुस्तक लिहून, ज्याला खोकें ठोकतां येतें त्याला हें विमानही बांधतां येईल, अशा अर्थाची हमी दिली. त्याचें नांव त्यानें ठेवलें 'आकाशांतली ऊ'. इंग्रजांनीं तिची पिसू केली. हजारों लोकांनीं हातांत करवत घेतली. पुढें अपघात झाले, माणसें दगावलीं, आणि वाऱ्याच्या बोगद्यांत परीक्षा झाल्यावर १९३६ च्या सुमारास या विमानांवर बंदी आली. त्यांत दोष पेट्रोलचा नव्हता, दोन पंखांच्या मांडणीचा होता. विमान एकदां ठराविक मर्यादेपलीकडे खालीं झुकलें कीं त्याला वर काढणें वैमानिकाच्या हातीं राहत नसे. त्याच दशकांतील अमेरिकन पायपर कब या कारखानी विमानांतही टाकी वैमानिकाच्या पुढें, इंजिनाच्या मागें उंचावर असे. टाकींत किती पेट्रोल उरलें हें पाहावयाचें तर बुचावर तरंगणारी एक तार झाकणांतून वर डोकावत असे. तार खालीं गेली कीं उतरावयाचें. याहून प्रामाणिक मापन-यंत्र मीं अद्याप पाहिलेलें नाहीं.

अडचण आली ती पंख खालीं आल्यावर. पंख अंगाच्या खालच्या बाजूस असले आणि टाक्या त्या पंखांत असल्या, तर इंजिन टाकीच्या वर येतें. पेट्रोल चढावयाला कोणीतरी ढकलावें लागतें. म्हणून पंप आला. एक इंजिनानें चालणारा, आणि तो बंद पडल्यास आधार म्हणून दुसरा विजेचा. कार्ब्युरेटर असेपर्यंत या पंपाकडून फारशी अपेक्षा नव्हती. कार्ब्युरेटरच्या वाटींत एक तरंगतें असतें. वाटी भरली कीं तें वर येऊन पेट्रोलचें दार लावतें, रिकामी झाली कीं उघडतें. दर चौरस इंचाला तीन ते सहा पौंड एवढा माफक दाब त्याला पुरतो. दार लागलें कीं पंपाचा पडदा थांबतो, उघडलें कीं पुन्हां चालूं लागतो. जास्तीचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

पण तरंगत्याचा स्वभाव पृथ्वीशीं बांधलेला. विमान एकाएकीं नाक खालीं करून झेपावलें कीं वाटींतलें पेट्रोल छताकडे जातें. १९४० च्या हवाई लढाईंत ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांचीं इंजिनें नेमकीं याच क्षणीं अडखळत. आणि जर्मनांच्या मेसरश्मिट विमानांत कार्ब्युरेटरऐवजीं पेट्रोल थेट आंत फवारण्याची योजना असल्यामुळें ते निर्धास्तपणें खालीं सूर मारून निसटत. यावर तात्पुरता उतारा शोधला तो फार्नबरो येथील बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनीं. इंजिनाला पूर्ण शक्तीच्या वेळीं लागेल तेवढेंच पेट्रोल जाऊं देणारें भोंक पाडलेली एक लहानशी चकती त्यांनीं पेट्रोलच्या वाटेवर बसविली, आणि १९४१ च्या आरंभीं ती विमानांविमानांतून बसवीत त्या स्वतः तळोतळीं फिरल्या. पेट्रोलच्या दाबाचा आणि ओघाचा प्रश्न किती क्षुद्र वस्तूनें सुटतो, आणि न सुटल्यास त्याची किंमत कोण भरतो, याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

युद्धानंतर फवारणीची पद्धत लहान विमानांत आणि मोटारींतही उतरली. मोटारींच्या बाबतींत १९६७ हें वर्ष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं जर्मनीच्या बॉश कंपनीची विजेवर चालणारी फवारणी फोक्सवागेन गाडींत आली. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीं एक पिचकारी. ती किती वेळ उघडी राहावी हें विजेची पेटी ठरविते. आतां हा हिशेब नीट लक्षांत घ्यावा. पेटी मोजते ती वेळ. पेट्रोल मोजीत नाहीं. पिचकारी अमुक इतका क्षण उघडी राहिली म्हणजे अमुक इतकें पेट्रोल पडलें, असें ती धरून चालते. हें खरें ठरावयाचें तर पिचकारीच्या मागें आणि पुढें असलेल्या दाबांतलें अंतर कायम राहिलें पाहिजे. तें कमीजास्त झालें कीं पेटीचा सगळा हिशेब खोटा.

दाब कायम कसा ठेवावयाचा? येथें आपल्याला सलंग भेटतो. पंप मुद्दाम असा बसवितात कीं तो इंजिनाच्या कमाल गरजेपेक्षां पुष्कळ अधिक पेट्रोल लोटील. पिचकाऱ्यांच्या नळीच्या टोकाशीं एक लहान डबी असते, तिच्यांत पातळ पडदा आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षां वाढला कीं पडदा उचलला जातो आणि जास्तीचें पेट्रोल त्याच्याखालून सांडून परतीच्या नळींत पडतें. सलंगाच्या उंचीनें तलावाची पातळी ठरते, तसा स्प्रिंगच्या ताठरपणानें नळींतला दाब ठरतो. तो बहुधा चौरस इंचाला चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या आसपास ठेवतात. पडद्याच्या पाठीशीं इंजिनाच्या श्वासनलिकेंतून एक बारीक नळी आणून जोडलेली असते. इंजिन आंत जितक्या जोरानें हवा ओढतें तितका पडदा मागें ओढला जातो आणि सांडवा खालीं येतो. म्हणजे हा सलंग ठिकाणचा ठिकाणीं उंचसखल होत राहतो. कोहळ्यांना हें पाहावयास मिळालें असतें तर त्यांनीं खात्रीनें माना डोलावल्या असत्या.

मोटारींत ही परतीची नळी कोणाला दिसलीही नाहीं. मोटारीला टाकी एकच. तेथून निघालेलें पेट्रोल तेथेंच परत जाणार. पुढें १९९० नंतर मोटारवाल्यांनीं ती बहुतेक काढूनच टाकली, कारण इंजिनाच्या उष्णतेनें तापून परत आलेलें पेट्रोल टाकींत वाफ वाढवितें आणि वाफ हवेंत जाऊं देण्यास कायद्याचा विरोध. विमानाची गोष्ट निराळी. विमानाला दोन पंखांत दोन टाक्या. वैमानिक एक खटका फिरवून कधीं डावींतून, कधीं उजवींतून पेट्रोल घेतो. मग परत येणारें पेट्रोल कोणत्या टाकींत जाणार?

कारखानदारांनाही हा प्रश्न आरंभीं नीट सुटला नव्हता. अमेरिकेंतील बीच कंपनीच्या प्रसिद्ध बोनान्झा विमानाच्या जुन्या नमुन्यांत परतीचें पेट्रोल नेहमीं डाव्या टाकींतच जाई, वैमानिकानें कोणतीही टाकी निवडलेली असो. म्हणून पहिल्यानें डाव्या टाकींतून पेट्रोल वापरून तेथें जागा करावयाची, असा नियम वैमानिकाला पाठ करावा लागे. विसरला कीं भरलेल्या डाव्या टाकींतून पेट्रोल हवेच्या नळीवाटे बाहेर उडून जाई.

घरीं विमान बांधणाऱ्यांच्या हातीं फवारणी येऊं लागली तेव्हां हाच प्रश्न त्यांच्यापुढें आला, आणि येथें त्यांना सल्ला देणारा फोरमन नव्हता. १९५३ मध्यें पॉल पोबेरेझ्नी यांनीं अमेरिकेंत प्रायोगिक विमानांची संस्था स्थापिली. तिच्या आश्रयानें घरगुती विमानांचा पसारा वाढला. पुढें कोणी मोटारीचें इंजिन बसविलें, कोणी विमानाच्या इंजिनाला विजेची फवारणी जोडली. रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीनें २०१२ मध्यें आपल्या हलक्या इंजिनाची फवारणीची आवृत्ति आणली, तिलाही दोन विजेचे पंप, दाबाची डबी आणि परतीची नळी आलीच. पैसे खर्चून चांगला पंप आणणें सोपें. परतीच्या नळीसाठीं टाकीला आणखी एक भोंक पाडणें जिवावर येतें. मग 'तूर्त एकाच टाकींत जाऊं दे' असा विचार मनांत येतो.

या विचाराचा आपण हिशेब मांडूं. समजा, पंप तासाला १५० लिटर पेट्रोल लोटतो आणि सरळ उड्डाणांत इंजिन तासाला ३५ लिटर जाळतें. उजव्या टाकींत ७५ लिटर आहे, डावी कांठोकांठ भरलेली आहे, आणि परतीची नळी डावींत सोडलेली आहे. वैमानिकानें उजवी टाकी निवडली. त्याच्या हिशेबानें हें पेट्रोल दोन तासांहून अधिक पुरेल. प्रत्यक्षांत उजवी टाकी अर्ध्या तासांत कोरडी पडेल. तेवढ्या वेळांत इंजिनानें जाळलें असेल साडेसतरा लिटर; उरलेलें साडेसत्तावन्न लिटर डावीकडे गेलें, आणि तेथें जागा नसल्यामुळें पंखावरून वाऱ्यावर उडालें. इंजिन उत्तम, पंप उत्तम, दाब कांट्यावर बरोबर. आणि तरीही दीड तासाचें उड्डाण हवेंत गेलें. यावर उपाय एकच: खटका असा घ्यावा कीं त्याच्या एका फिरण्यानें जाणारी आणि येणारी, दोन्ही नळ्या एकदमच त्या त्या टाकीला जोडल्या जातील. असे दुहेरी खटके विकत मिळतात. ते महाग आहेत, हें खरें.

दुसरी चूक नळीच्या जाडीची. परतीची नळी उरल्यासुरल्याची म्हणून कित्येकजण ती बारीक घेतात. सलंगापुढचा नाला अरुंद असला तर पाणी तुंबून तलावाची पातळी वाढते, तसें येथेंही होतें. डबीनें पेट्रोल सांडलें तरी त्याला पुढें जावयास वाव नसतो. दाब स्प्रिंगच्या हुकमाबाहेर चढतो आणि इंजिनाला गरजेपेक्षां अधिक पेट्रोल मिळूं लागतें. आश्चर्य असें कीं हा दोष पूर्ण शक्तीवर झाकला जातो, कारण तेव्हां इंजिनच पुष्कळ पिऊन टाकतें आणि परतीला थोडें उरतें. शक्ति कमी केली, उतरण्याची वेळ आली, कीं तो डोकें वर काढतो.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पेट्रोल तापलें आणि वर त्याच्यावर ओढ पडली कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा पंपाच्या तोंडाशीं आला कीं पंप नुसताच फिरत राहतो. म्हणून पंप टाकीजवळ आणि खालीं ठेवावा, म्हणजे तो ओढण्यापेक्षां ढकलण्याचें काम अधिक करील. परत आलेलें ऊन पेट्रोल टाकींत सोडावयाचें तें उपसणाऱ्या नळीच्या तोंडापासून दूर. गमतीची गोष्ट अशी कीं योग्य रीतीनें घातलेली परतीची नळी याच रोगावर औषधही आहे. पेट्रोल सतत फिरत राहिल्यामुळें तें इंजिनाजवळ फार काळ तापत थांबत नाहीं, आणि बुडबुडा झालाच तर वाहून टाकीकडे जातो. रोटॅक्सच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांनाही एक बारीक छिद्राची परतीची नळी जोडतात ती याच कारणासाठीं.

पेट्रोलच्या नळ्या कोठून न्याव्या हा घरच्या कारागिराचा निर्णय किती दूरवर पोहोंचतो, याची एक हकीकत जगभर गाजली. बर्ट रुटान यांनीं आंखलेलें 'लाँग-ईझी' हें विमान १९७९ मध्यें प्रथम उडालें. त्याचे नकाशे घेऊन अनेकांनीं तें घरीं बांधलें. त्यांपैकीं एक अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांनीं तयार विकत घेतलें. मूळ नकाशांत टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या हातासमोर होता. बांधणाऱ्यानें पेट्रोलच्या नळ्या बैठकीच्या भागांत नकोत, या सद्धेतूनेंच, तो मागें, वैमानिकाच्या डाव्या खांद्यापाठीमागें नेला. खटक्यावर खुणा नव्हत्या. मूठ उजवीकडे वळविली असतां डावी टाकी लागे. आणि टाकींतलें पेट्रोल दाखविणाऱ्या कांचा पुढच्या बैठकीवरून दिसत नसत. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरावर तें विमान कोसळलें आणि डेन्व्हर मृत्यु पावले. चौकशी मंडळानें कारणें सांगितलीं तीं अशीं: पेट्रोलची पुरेशी तयारी न करतां केलेलें उड्डाण, अपुरी ओळख, आणि खटका तेथें बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय. तो फिरवावयाचा तर हात सुकाणूवरून काढून मागें वळावें लागे. वळतांना उजवा पाय नकळत पावड्यावर दाबला जाई. बांधणाऱ्यानें आगीचा धोका ओळखला होता. मागें वळणाऱ्या माणसाचा पाय कोठें जाईल, हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आपल्या महाराष्ट्रांतही या हौसेचा एक थोर नमुना आहे. मूळचे सातारा जिल्ह्यांतले वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें सुटें करून क्रेननें खालीं उतरविलें आणि वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत मांडलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें नागरी विमान वाहतूक संचालनालयानें त्याची नोंदणी केली, २०१९ मध्यें चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्यें धुळ्याच्या धावपट्टीवर तें उडालें. पांच मजले चढून पत्रा वर नेणाऱ्या माणसाच्या चिकाटीविषयीं वर्तमानपत्रांनीं पुष्कळ लिहिलें, आणि तें योग्यच झालें. मला मात्र त्या गच्चीवरच्या न दिसणाऱ्या कामाविषयीं अधिक कुतूहल वाटतें. पंख कोणालाही दाखवितां येतो. पत्र्याआड गेलेली नळी आतां जशी बसली तशीच राहणार, हें ज्यानें ती बसविली त्या एकट्यालाच माहीत असतें.

म्हणून असें विमान प्रथम धावपट्टीवर नेण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करतात. विमानाचें नाक चढावाच्या वेळीं असेल तितकें उंच करून, चाकांना अटकाव लावून, तें मोकळ्या जागेंत उभें करावयाचें. टाकींत तळाशीं थोडें पेट्रोल ठेवावयाचें. इंजिनाकडे जाणारी नळी इंजिनापाशीं सोडून तिचें तोंड मापाच्या डब्यांत धरावयाचें आणि पंप सुरू करून घड्याळ लावावयाचें. टाकी उंचावर असून पेट्रोल आपोआप उतरत असेल तर कमाल गरजेच्या दीडपट, आणि पंप असेल तर सव्वापट पेट्रोल आलें पाहिजे. मग नळी पुन्हां जोडून, परतीची नळी टाकीच्या तोंडाशीं सोडून दुसऱ्या डब्यांत धरावयाची. पहिल्या डब्यांत काय आलें हें पुष्कळजण मोजतात. दुसरा डबा फारसा कोणी मोजीत नाहीं. डाव्या टाकीवर एकदां, उजव्या टाकीवर एकदां, खटका दोन्ही बाजूंस फिरवून, दाबाच्या कांट्याकडे एक डोळा ठेवून तोही मोजावा लागतो. जवळ आग विझविण्याचें साधन हवें, विडी-काडी लांब हवी, आणि जोडीला दुसरा मनुष्य हवा. कारण एकाच वेळीं डबा, घड्याळ आणि कांटा सांभाळण्याइतके हात एकट्याला नसतात.